रॉक गाण्याचा मूड चित्रात आणायचाय? आधी लाल आणि काळी ट्यूब कपाटात ठेव

तर प्रश्न थोडक्यात असा, की तुझा कॉलेजचा बँड आहे, स्वतःचं एक गाणं रेकॉर्ड करून झालंय, त्याच्या कव्हरसाठी तुलाच अॅबस्ट्रॅक्ट पेंटिंग करायचंय, दोन रविवार गाणं लूपवर लावून कॅनव्हासवर लाल-काळं फेकून झालं आणि मित्र म्हणाले "भारी आहे, पण मर्डर कुणाचा झालाय?" आणि आता तू विचारतोयस की कुठल्या भावनेला कुठला रंग, असा काही चार्ट मिळतो का.

वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी २२-२३ वर्षं अॅबस्ट्रॅक्टच करतोय आणि त्याआधी कॉलेजात एका बँडमध्ये बेस वाजवायचो. वाईट वाजवायचो. पण त्या वाईट बेसचा मला चित्र काढताना जेवढा उपयोग झाला तेवढा कलर थिअरीच्या लेक्चर्सचा झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना तुला अंदाज येईल की माझा कल कुठे आहे.

चार्ट आहेत रे, एक नाही ढीगभर आहेत, आणि तीच तर गंमत आहे. आपल्याकडे नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिलेला आहे. रौद्राला लाल, ठीक, ते तुला पटेल. पण शृंगाराला श्याम, म्हणजे सावळा काळपट, आणि करुणाला कपोत, म्हणजे चक्क कबुतराचा राखाडी. आजच्या कुणालाही शृंगाराचा रंग विचार, तो लाल नाहीतर गुलाबी म्हणेल. तिकडे रशियात स्क्रियाबिन आणि रिम्स्की-कोर्साकोव दोघंही मोठे संगीतकार, दोघंही सुरांना रंग दिसतात म्हणायचे, आणि सी मेजर एकाला लाल दिसायचा तर दुसऱ्याला पांढरा. चित्रकार कॅन्डिन्स्कीने तर पुस्तकातच लिहून ठेवलंय की फिकट निळा म्हणजे बासरी, गडद निळा म्हणजे चेलो, पिवळा म्हणजे ट्रम्पेट. वाचायला मस्त आहे, पण ते त्याचे कान होते. त्याचा चार्ट घेऊन तू चित्र काढलंस तर ते दुसऱ्याच्या चष्म्याने पेपर वाचल्यासारखं होईल, डोकं दुखेल आणि बातमी कळणार नाही.

माझं म्हणणं असं आहे की गाण्याचा मूड रंगात नसतोच, किंवा असला तरी सगळ्यात शेवटी असतो. तो असतो वजनात आणि मोकळ्या जागेत. गाण्यात कुठे किती भार आहे, तो किती वेळ आहे आणि कुठे मुद्दाम काहीच नाहीये. एवढं कागदावर उतरलं की रंग नंतर दोन वापरले तरी चालतात. आणि रॉकच्या बाबतीत तर ही मोकळी जागा अगदी कॉर्डमध्येच बसलेली आहे, ते आधी बघू.

तू गिटार वाजवतोस म्हणालास, म्हणजे पॉवर कॉर्ड दिवसातून शंभर वेळा वाजवत असशील. त्यात आहे काय? षड्ज आणि पंचम. बस. गंधार नाही. आणि गंधार नाही म्हणजे ती कॉर्ड मेजर आहे का मायनर हे ठरतच नाही, कारण ते ठरवणारा सूरच काढून घेतलाय. शुद्ध गंधार असता तर कान म्हणाला असता खुशीत आहे, कोमल असता तर म्हणाला असता उदास आहे. इथे कान वाट बघत बसतो. आता हे सा-प प्रकरण तू आणखी कुठे ऐकलंयस? तानपुऱ्यात. पहिली तार पंचम, मग जोडीच्या दोन षड्जाच्या, मग खर्ज. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात शिरताना लांबून पहिलं जे कानावर येतं ते हेच. मी तर वर्कशॉपला सांगतो की पॉवर कॉर्ड म्हणजे चिडलेला तानपुरा. आणि तानपुरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी वाजवलेला नसतानाही. न वाजवलेला सूर ऐकणाऱ्याच्या कानात तयार होतो. तुला चित्रात नेमकं हेच करायचंय.

तुझं लाल-काळं का फसलं ते आता बघ. लाल म्हणजे तू गंधार वाजवून टाकलास. बघणाऱ्याला सांगून टाकलंस की राग आहे बरं का. मग त्याला करायला काही उरलंच नाही, तो मर्डरचा जोक मारून मोकळा झाला.

त्यावर माझा उपाय साधा आहे, पण आळस न करता करायला लागतो. ट्यूबमधला काळा वापरायचा नाही. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा करायचा. निळा जास्त पडला तर थंड काळा, अंबर जास्त पडला तर गरम काळा, आणि मधोमध एक अशी जागा येते की तो नक्की कुठला हे ठरवता येत नाही. तो न ठरणारा काळा म्हणजे तुझी पॉवर कॉर्ड. एका कागदावर असे १०-१२ ठिपके कर, प्रत्येकात थोडं थोडं प्रमाण बदल, वाळू दे, आणि मग बघ. वाळू दे हे महत्त्वाचं, कारण अॅक्रिलिक ओलं असताना फिकट दिसतं, त्यातलं बाइंडर ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळलं की पारदर्शक होतं, त्यामुळे रंग एक शेड गडद बसतो. नवीन मुलं ओल्यावर निर्णय घेतात आणि सकाळी उठून बघतात तर चित्र अंधारात गेलेलं.

आता डिस्टॉर्शन, म्हणजे रॉक गिटारचा तो फाटका, खरखरीत आवाज. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे दहातले नऊ जण एकच चूक करतात, आणि मीही काही वर्षं केली. डिस्टॉर्शन म्हटलं की टोकदार, वीज पडल्यासारख्या रेषा, फाटलेल्या कडा, झिगझॅग. एकदा तुझ्याच गाण्याचा गिटारचा ट्रॅक ऑडेसिटी या साउंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड, फुकट आहे ते, आणि झूम करत करत जा, लाट दिसेपर्यंत. क्लीन गिटारची लाट गोलसर दिसते, टेकड्यांसारखी. आणि डिस्टॉर्शनवाली? तिची डोकी कापलेली असतात. सपाट. आपल्याकडे जेसीबी लावून टेकडी सपाट करतात आणि वर प्लॉट पाडतात ना, डिट्टो तसं. अॅम्पला झेपत नाही एवढा सिग्नल दिला की तो वरचा भाग छाटतो, आणि त्या छाटण्यामुळे मूळ सुरात नसलेले वरचे सूर तयार होतात, त्याची ती खरखर. शिवाय हळू आणि जोरात यातला फरक कमी होतो, सूर लांबतो, सगळं दाटीवाटीने भरून जातं. म्हणून तर डिस्टॉर्शनवर पूर्ण कॉर्ड वाजवली की चिखल होतो आणि लोक दोनच सुरांवर येतात.

म्हणजे चित्रात डिस्टॉर्शन काय झालं? टोकदार रेषा नाही. एक मोठा, सपाट, ठासून भरलेला भाग, ज्याच्या आत बारीक खरखर आहे, जवळ गेल्यावर दिसते आणि लांबून नुसता दाब जाणवतो. हे मला कळायला चार-पाच वर्षं लागली आणि कळलं ते एका दुपारी कानात हेडफोन आणि समोर लाटेचा स्क्रीन असताना, स्टुडिओत नाही. रोलर घ्यायचा, भिंतीला लावतात तोच छोटा स्पंजचा, त्यावर रंग अगदी कमी घ्यायचा, जवळजवळ कोरडा, आणि आधी वाळलेल्या खडबडीत थरावर फिरवायचा. वरच्या उंचवट्यांना रंग लागतो, खड्ड्यांत खालचा रंग राहतो. झाली तुझी खरखर.

आता वेळेचा प्रश्न. गाणं चार मिनिटं चालतं आणि चित्र एका क्षणात समोर येतं, याचं काय करायचं. यावर लोकांनी आपापले मार्ग काढलेत. आपल्या रागमाला चित्रांनी वेळेचा नादच सोडला, राग म्हणजे एक प्रसंग, एक प्रहर, एक नायिका, आणि ते चित्र. सुंदर आहे, पण त्यात माणसं आहेत, तुला अॅबस्ट्रॅक्ट हवंय. कॅन्डिन्स्की १९११ च्या जानेवारीत म्युनिकला संगीतकार शोनबर्गची मैफल ऐकून आला आणि त्यावर चित्र केलं, त्यात पिवळ्याचा एवढा मोठा लोट आहे आणि पियानोचा काळा डाग. म्हणजे तो अॅबस्ट्रॅक्टच्या उंबरठ्यावर होता तरी पियानो सुटला नव्हता त्याचा, हे मला फार धीर देणारं वाटतं. डच चित्रकार मॉन्ड्रियान न्यूयॉर्कला गेल्यावर बुगी-वुगीच्या, म्हणजे पियानोवरच्या उडत्या चालीच्या संगीताच्या नादाला लागला आणि १९४२-४३ मध्ये त्याने 'ब्रॉडवे बुगी-वुगी' हे चित्र केलं, वर्षानुवर्षं वापरलेल्या काळ्या रेषा काढून टाकल्या आणि पिवळ्या पट्ट्यांवर लाल-निळे-करडे छोटे चौकोन टाकले, डोळा त्यावरून उड्या मारत जातो. तो ताल आहे. पण लक्षात घे, त्याने पियानोचा आवाज काढायचा प्रयत्न केलाच नाही, फक्त उड्या घेतल्या. गाण्यातून एकच गोष्ट घ्यायची असते. सगळं घ्यायला गेलास की भेळ होते.

ती एक गोष्ट कुठली हे डोक्याने ठरवू नकोस, हाताला ठरवू दे. त्यासाठी मी करतो ते असं. जुने कॅलेंडर, पाठकोरे प्रिंटआउट, काहीही घे, बारा-पंधरा मोठे कागद. चारकोल. रंग नाही. गाणं लाव आणि एका कागदावर पूर्ण गाणंभर फक्त एकाच वाद्याच्या मागे जा. पहिल्या कागदावर फक्त बेस. दुसऱ्यावर फक्त स्नेअर, म्हणजे ड्रम्समधला तो कडक वाजणारा ड्रम, जो बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो, त्यामुळे तो कागद बोअर होईल, होऊ दे. तिसऱ्यावर फक्त आवाज, म्हणजे गाणाऱ्याचा, पण शब्द सोडून. शब्द फार फसवतात रे. शब्द ऐकायला लागलास की हात खिडकी काढतो, रस्ता काढतो, डोळे काढतो, आणि डोळ्यातून पाणी काढतो. चौथ्यावर डाव्या हाताने. पाचव्यावर डोळे मिटून. सहाव्या-सातव्या कागदापर्यंत हात कंटाळतो आणि मग तो नटवेगिरी सोडून खरं काहीतरी करायला लागतो, आणि तुला दिसेल की प्रत्येक कागदावर एकच हालचाल परत परत येतेय. माझ्या एका चित्रात ती हालचाल म्हणजे वरून खाली दाबणं होतं, रेषा नाहीच, चारकोल आडवा धरून खाली दाबत आणायचा. हीच ती एक गोष्ट.

आणि मग गाणं बंद. हे तुला पटणार नाही पण ऐक. रंगवताना गाणं लावायचं नाही. कॉलेजात असताना आम्ही फिरोदिया करंडकाला उतरलो होतो, ज्याने ती स्पर्धा बघितलीये त्याला माहितीये की तिथे एकाच स्टेजवर नाटक, बँड, चित्र सगळं चालू असतं, आणि मी बेस सोडून एक वर्ष लाइव्ह पेंटिंगला उभा राहिलो. बँड जोरात, मी घामाघूम, हातभर ब्रश, टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी ते चित्र उजेडात बघितलं तर त्यात काहीच नव्हतं. सगळी मजा हवेत होती, कॅनव्हासवर नुसता पसारा. गाणं चालू असलं की ते तुझ्या वतीने भावना भरत राहतं आणि तुला वाटतं चित्रच बोलतंय. दोन रविवार तू लूपवर लावून जे केलंस ना, तिथेही हेच झालंय.

असो. आता एक चित्र पूर्ण सांगतो, कारण नुसत्या गप्पांनी काही होत नाही. ओळखीच्या मुलांच्या बँडचं गाणं होतं, अजून बाहेर आलेलं नाही म्हणून नाव सांगत नाही. ४ मिनिटं १० सेकंद, म्हणजे २५० सेकंद. टेम्पो ७६, म्हणजे मिनिटाला ७६ ठोके. म्हणजे चार ठोक्यांचा एक बार तीन सेकंदांहून जरासा जास्त, आणि पूर्ण गाण्यात जवळजवळ ८० बार. मी घड्याळ लावून मोजलं, जोरातला भाग एकूण ८५ सेकंद होता, म्हणजे साधारण एक तृतीयांश. बाकी दोन तृतीयांश शांत, क्लीन गिटार आणि ब्रशने वाजवलेले ड्रम्स. आणि शेवटच्या कोरसच्या आधी पूर्ण एक बार सगळे थांबतात. कुणीच काही वाजवत नाही. तीन सेकंद. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं फोनचं चार्जिंग संपलं.

कॅनव्हास घेतला ३ फूट बाय ३ फूट. आता गणित बघ, मजेशीर आहे. तीन फूट म्हणजे ३६ इंच, ३६ गुणिले ३६ म्हणजे १२९६ चौरस इंच. तीन सेकंदांचा तो थांबा २५० सेकंदांच्या सव्वा टक्का आहे. १२९६ चा सव्वा टक्का म्हणजे १६ चौरस इंच. म्हणजे ४ बाय ४ इंचाचा एक तुकडा. तळहाताएवढा. अख्खं गाणं ज्या तळहाताएवढ्या जागेची वाट बघतंय ती जागा मला करायची होती. असं मोजपट्टी लावून चित्र काढायचं नसतं हे मलाही कळतं, पण सुरुवात करायला हे माप भलतंच उपयोगी पडतं, कारण हाताला नेहमी मोकळी जागा एकतर फार मोठी ठेवायची असते किंवा ठेवायचीच नसते.

जड तृतीयांश कुठे टाकायचा? सवयीने सगळे खाली टाकतात, जमीन असते तसं. पण चारकोलच्या कागदांवर माझा हात वरून खाली दाबत होता. म्हणून जड भाग वर. खाली दोन तृतीयांश फिकट, आणि त्यावर हा भार येऊन टेकलेला. तेवढ्यानेच चित्र अस्वस्थ झालं, अजून रंग ठरलेच नव्हते.

जड भागात आधी गेरूसारखा तांबूस थर दिला, रेड ऑक्साइड, जेसोमध्ये (कॅनव्हासला रंगाआधी देतात तो पांढरा अस्तराचा थर) थोडी बारीक वाळू मिसळून खडबडीत केलेल्या जागेवर. वाळला. मग त्यावर तो न ठरणारा काळा, कोरड्या रोलरने, चार वेळा. लांबून काळा दिसतो, फूटभरावर गेलं की आत गेरू धुगधुगताना दिसतो. लाल आहे, पण मी तो वाजवलेला नाही, तुला ऐकू आला तर आला. खालचा शांत भाग पांढरा ठेवायचा मोह झाला होता पण पांढरा म्हणजे शांतता नाही, पांढरा म्हणजे रिकामी भिंत. तिथे टायटॅनियम व्हाइटमध्ये त्याच काळ्याचा थेंब थेंब टाकत सात पातळ थर दिले. करुणाचा कपोत म्हण हवं तर, आमच्या वाड्याच्या वळचणीला ते कपोत एवढे आहेत की मॉडेल शोधायला लांब जावं लागलं नाही.

आणि तो ४ बाय ४ चा तुकडा, दोन भाग जिथे भेटतात त्या रेषेवर, मधल्यापेक्षा जरा उजवीकडे. आधी मास्किंग टेप लावून चौकोन राखला आणि टेप काढल्यावर हुबेहूब स्विचबोर्ड दिसला. बुजवला. मग गायतोंड्यांची आठवण झाली. चित्रकार वासुदेव गायतोंडे, नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले, अॅबस्ट्रॅक्ट म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे. रोलर आणि पॅलेट नाइफने काम करायचे, आणि फाडलेले कागद ओल्या रंगावर लावून रंग उचलायचे. घालण्याऐवजी काढून घेणं. थांबा दाखवायला याहून चांगला मार्ग नाही, कारण बँडनेही तिथे काही वाजवलं नव्हतं, वाजत होतं ते काढून घेतलं होतं.

पण ते होते तेलरंगांत, निवांत वाळणाऱ्या. मी होतो अॅक्रिलिकमध्ये, आणि एप्रिलच्या पुण्यात. रंग लावून पेपरचा तुकडा फाडेपर्यंत रंग वाळलेला. दोनदा तसं झालं, एकदा तर पेपरचा तुकडाच चिकटून बसला आणि पाणी लावून बोटाने चोळून चोळून काढावा लागला. मग रंग उशिरा वाळावा म्हणून रिटार्डर घातलं, हातात पाण्याचा स्प्रे ठेवला आणि पहाटे सहाला उठून केलं, तेव्हा कुठे जमलं. कागद दाबला, तीन सेकंद धरला, मुद्दाम मोजून, आणि उचलला. कडा फाटक्या, आत खालचा करडा, कुठे कुठे गेरू. चौकोन राहिला नाही, मापही ४ बाय ४ राहिलं नाही. तिथेच थांबलो. खरं तर त्या दिवशी संध्याकाळी परत थोडं नीट करावं म्हणून ब्रश उचलला होता, पण कुणीतरी आलं म्हणून वाचलो.

चित्र झालं की गाणं यात आलं का हे कसं तपासायचं, तर बघणाऱ्याला "काय वाटतं?" असं विचारायचं नाही. त्यावर लोक एकतर "छान" म्हणतात नाहीतर घाबरतात. मी विचारतो, हे चित्र मोठ्या आवाजाचं आहे का हळू? सकाळचं का रात्रीचं? लांब आहे का जवळ? एवढ्याची उत्तरं कुणीही देतं आणि तुला हवं ते कळतं. समोरच्या काकू गच्चीत कुरडया घालायला चालल्या होत्या, त्यांना दारातूनच दाखवलं. गाण्याचं काही सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "वळवाचा पाऊस पडायच्या आधी असं होतं बघ. आता पडेल आता पडेल म्हणून मी सगळं आत घेते आणि तो मेला पडतच नाही." आणि कुरडया घेऊन वर गेल्या. त्यांना रॉक म्हणजे काय ते ऐकवलं असतं तर पोलीस बोलावले असते त्यांनी. पण तो तीन सेकंदांचा थांबा त्यांना बरोबर दिसला.

याच्या उलट एक माझी फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्याच एका गॅलरीत गाण्यांवरच्या नऊ चित्रांचं प्रदर्शन लावलं, प्रत्येक चित्राशेजारी गाण्याचं नाव आणि हेडफोन. गर्दी झाली. लोक हेडफोन लावायचे, मान डोलवायचे, चित्राकडे बघून "अगदी, अगदी" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी दोन हेडफोन चुकून अदलाबदल झाले आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा. लोक तशीच मान डोलवत होते. त्या रात्री घरी जेवण गेलं नाही. तेव्हापासून चित्राशेजारी गाणं ठेवत नाही, नावही देत नाही.

काही फुटकळ गोष्टी, पटापट. रंग शिंपडणं सुरुवातीला टाळ. अमेरिकन चित्रकार पोलॉकने १९४७ ते ५० मध्ये जे केलं त्यात शिंपडण्यापेक्षा हाताचा ताबा जास्त होता, आपण करतो तेव्हा होळी होते. अॅक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर अॅक्रिलिक चालत नाही, घाईत केलं होतं एकदा, वर्षभरात पापुद्रे निघाले आणि घेणाऱ्याला पैसे परत द्यावे लागले. सामान अप्पा बळवंत चौकात सगळं मिळतं, पण रोलर आणि लांबी भरायची पत्र्याची पट्टी हार्डवेअरच्या दुकानातून घे, तीच वस्तू आर्टच्या दुकानात नाव बदलून महाग होते. कॅनव्हासआधी कागदावर करायचं असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा जाड कागद बघ, त्याला मुळातच खरखर असते, अर्धं डिस्टॉर्शन फुकटात. पावसाळ्यात करणार असशील तर थरांमध्ये जास्त वेळ ठेव, वरून वाळलेलं दिसतं आणि आत ओलं असतं. जुनं लाल-काळं चित्र फेकू नकोस, त्याच्यावरच जेसो मार, खालचे उंचवटे कामाला येतील.

आता तुझ्या कव्हरचं. कव्हर चौकोनी असतं म्हणून कॅनव्हासही चौकोनीच घे, आडवा घेऊन नंतर कापायला गेलास की वजनाचं सगळं गणित बिघडतं. मधे मधे फोटो काढून फोनवर अगदी नखाएवढा करून बघ, कारण लोक ते तेवढंच बघणार आहेत. नखाएवढं केल्यावर जड भाग कुठे आणि मोकळी जागा कुठे एवढं कळलं तर बास. फायनल फोटो सावलीत काढ, सकाळी, फ्लॅश न मारता, नाहीतर तुझे सगळे थर सपाट दिसतील.

आणि तुमचा जो कुणी डिझायनर मित्र असेल तो चित्र बघून पहिल्यांदा म्हणेल की बँडचं नाव टाकायला ही मोकळी जागा मस्त आहे. तिथे टाकू देऊ नकोस. जड भागावर टाका, बारीक अक्षरात.